खाणकामगाराची नात : सिंथिया रायलंट

(एका खेडेगांवांतील वाचनालयाच्या सभेंत झालेलें भाषण)



चरित्र ऐकावयाचें म्हटलें म्हणजे तें राजाचें, सेनापतीचें, नाहींतर साधूचें असावयाचें, अशी आपली जुनी समजूत आहे. मी आज जें चरित्र सांगणार आहें तें यांपैकीं कोणाचेंच नाहीं. कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या एका मजुराच्या नातीचें तें चरित्र आहे. तिचें नांव सिंथिया रायलंट, राहणार अमेरिकेंतली. तिनें मुलुख जिंकला नाहीं, मठ स्थापिला नाहीं. तिनें लहान मुलांसाठीं गोष्टींचीं पुस्तकें लिहिलीं, शंभरांहून अधिक लिहिलीं, आणि त्या देशांत मुलांच्या पुस्तकाला जो सर्वांत मोठा मान मिळतो तो १९९३ सालीं मिळविला.

मान पुष्कळांना मिळतात. तेवढ्यासाठीं मी तुमचा वेळ घेतला नसता. पण ज्या घरांत ही मुलगी वाढली त्या घरांत नळ नव्हता, संडास नव्हता. आणि ज्या गांवांत तिचें बालपण गेलें तेथें वाचनालय नव्हतें, पुस्तकाचें दुकान नव्हतें. अशा घरची पोर लिहिती झाली ती कशी, मधें तिला आडवें काय आलें, आणि कोणतें दार उघडल्यावर तिची वाट मोकळी झाली, हें आपण नीट समजून घेतलें पाहिजे. कारण मुलें तुमच्या-आमच्या घरींही आहेत, आणि तसलींच दारें त्यांच्याही वाटेवर आहेत.

आधीं तो मुलुख पाहूं. अमेरिकेच्या पूर्वभागांत अ‍ॅपलाचिया नांवाची डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तिच्यांत वेस्ट व्हर्जिनिया हें राज्य वसलेलें आहे. गुलामगिरीवरून अमेरिकेंत यादवी माजली, तेव्हां व्हर्जिनिया राज्य गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूला गेलें. त्याच्या पश्चिमेकडील डोंगरी मुलुखानें तिकडे जाण्याचें नाकारलें, आणि १८६३ सालीं हें वेगळें राज्य झालें. गुलामगिरी मोडण्यासाठीं त्या देशांतल्या लोकांनीं जी झीज सोसली तिचें स्मरण म्हणून जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलें, हें आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. म्हणजे तो देश आपल्याला अगदींच परका नाहीं.

या डोंगरांत पूर्वीं लहान लहान शेतकरी राहत. जमीन उताराची, पीक बेताचें, पण घर स्वतःचें आणि शेत स्वतःचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी डोंगरांत शिरली, आणि तिच्या मागोमाग बाहेरच्या कंपन्या आल्या. जमिनीच्या पोटांत कोळसा आहे व त्याचें मोल किती, हें कंपन्यांना ठाऊक होतें. शेतकऱ्याला तें मोल ठाऊक नव्हतें. जमिनी आणि जमिनीखालचे हक्क कवडीमोलानें गेले. मग ज्या शेताचा बाप धनी होता, त्याच शेताच्या पोटांत मुलगा मजूर म्हणून उतरला. पुढें दक्षिणेकडून काळे लोक आले, समुद्रापलीकडून इटलीचे, हंगेरीचे, पोलंडचे लोक आले. सर्वांच्या तोंडाला एकच काजळी लागली.

खाणीभोंवतीं गांव वसे तें कंपनीचें. घर कंपनीचें, दुकान कंपनीचें, डॉक्टर कंपनीचा. पुष्कळ ठिकाणीं शाळाही कंपनीच्याच पैशावर चाले. मजुरी मिळे ती कित्येकदां सरकारी नाण्यांत नव्हे, तर कंपनीनें पाडलेल्या बिल्ल्यांत. आणि ते बिल्ले चालत ते कंपनीच्याच दुकानांत. भाव कोणी ठरवावयाचा? दुकानदारानें. दुकानदार कोण? मालक. सावकाराच्या वहींतलें खातें ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या भोगलें आहे, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. संप केला कीं आधीं घर जाई. कारण घर कंपनीचें. बायकामुलें भांड्याकुंड्यांसह रस्त्यावर, आणि वर थंडीचे दिवस.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तर लहान पोरेंही खाणींत असत. हवेचा झोत फिरवण्यासाठीं भुयारांत लांकडी दारें बसविलेलीं असत. कोळशाची गाडी आली कीं दार उघडावयाचें, गेली कीं मिटावयाचें, एवढ्यासाठीं मिट्ट अंधारांत एक पोरगा दिवसभर बसवून ठेवीत. शाळेच्या वयाचें मूल शाळेचें दार सोडून खाणीचें दार राखीत बसे.

६ डिसेंबर १९०७ रोजीं मोनोंगा येथील खाणींत स्फोट झाला. सरकारी गणतीप्रमाणें ३६२ माणसें मेलीं. २८ एप्रिल १९१४ रोजीं रॅले जिल्ह्यांतल्या एकल्स येथील खाणींत स्फोट झाला. १८० हून अधिक माणसें मेलीं. हा रॅले जिल्हा ध्यानांत ठेवा. आपली सिंथिया याच जिल्ह्यांत वाढली. मजुरांनीं हें सारें मुकाट्यानें सोसलें असें मात्र नाहीं. १९१२-१३ सालीं त्यांनीं तंबूंत राहून संप चालविला. १९२० सालीं मेटवान गांवीं कंपनीचे भाडोत्री बंदूकवाले मजुरांना घरांतून काढावयास आले, तेव्हां गोळ्या झडल्या आणि दहा माणसें पडलीं. १९२१ सालीं सुमारें १०,००० खाणकामगार हत्यारें घेऊन ब्लेअर डोंगरावर चालून गेले. शेवटीं सरकारी फौज आली, तेव्हां त्यांनीं बंदुका खालीं ठेवल्या. आमचें भांडण मालकाशीं आहे, देशाच्या शिपायांशीं नाहीं, असा त्यांचा भाव होता. संघ बांधण्याचा हक्क पक्का मिळावयास त्यांना आणखी बारा वर्षें लागलीं.

आपल्याकडे म्हण आहे, दिव्याखालीं अंधार. त्या डोंगरांतल्या कोळशावर मोठमोठ्या शहरांचीं विजेचीं घरें चाललीं, पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, आगगाड्या धांवल्या. ज्यांनीं तो कोळसा काढला त्यांच्या घरीं मात्र नळसुद्धां आला नाहीं. पुढें खाणींत यंत्रें आलीं आणि माणसांची गरज सरली. १९५० पासून १९६० पर्यंतच्या दहा वर्षांत त्या राज्याची वस्ती वीस लाखांवरून साडेअठरा लाखांच्या आसपास उतरली. पोट भरण्यासाठीं लोक डोंगर सोडून गेले, आणि शहरांतल्या लोकांनीं त्यांना डोंगरी गांवढळ म्हणून हिणविलें. त्यांचें बोलणें, त्यांचे कपडे, त्यांचें खाणें यांवर थट्टेचीं चित्रें निघालीं. कष्ट घ्यावयाचे आणि वर हंसावयाचें, ही रीत एकाच देशापुरती नाहीं.

अशा वेळीं ही मुलगी जन्मली. ६ जून १९५४ हा तिचा जन्मदिवस. गांव व्हर्जिनिया राज्यांतलें होपवेल. बाप कोरियाच्या लढाईवर जाऊन आलेला शिपाई. त्याला दारूचें व्यसन जडलें होतें आणि प्रकृतीही ढासळली होती. मुलगी चार वर्षांची असतां आईबाप वेगळे झाले. आई मुलीला घेऊन माहेरीं, रॅले जिल्ह्यांतल्या कूल रिज या गांवीं आली. पण माहेरीं बसून भागण्याजोगें नव्हतें. आईनें मुलीला आजा-आजीच्या पदरांत टाकलें आणि आपण रोग्यांची शुश्रूषा शिकावयास बाहेरगांवीं गेली. अधूनमधून ती भेटीला येई आणि पैसे पाठवी. आपल्याकडे कामासाठीं मुंबईला गेलेल्या आईबापांचीं मुलें आजीजवळ वाढतात, तसाच हा प्रकार.

आजा कोळशाच्या खाणींतला कामगार. घर चार खोल्यांचें. त्यांत आजा, आजी आणि नातेवाईकांचा राबता. पाणी बाहेरून आणावयाचें, रात्रींअपरात्रीं परसाकडे बाहेर जावयाचें. चैन म्हणून कांहीं नाहीं. पण त्या घरांत मुलीवर कोणी ओरडलें नाहीं, कीं तिला कोणी ओझें म्हटलें नाहीं. ही गोष्ट बाईंनीं मोठेपणीं पुनःपुन्हा सांगितली आहे. आजा-आजी फार बोलणारीं नव्हतीं. पण त्यांच्या सावलींत आपण सुरक्षित होतों, एवढें त्या कधीं विसरल्या नाहींत.

बापाविषयीं मात्र घरांत कोणी चकार शब्द काढीत नसे. मुलीला विचारावेंसें वाटे. पण मोठ्या माणसांचे चेहरे पाहून ती गप्प बसे. ती तेरा वर्षांची असतां बाप वारला. धड ओळख झाली नाहीं, निरोप घेतां आला नाहीं. तेवढी एकच हानि मला लेखिका करावयास पुरेशी झाली, अशा अर्थाचें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे. बायाबापड्यांनो, मुलाला कांहीं कळत नाहीं असें समजून आपण त्याच्यासमोर गोष्टी दडवितों. मूल सारें जाणतें. फक्त त्याला विचारण्याची सोय नसते.

मुलगी सुमारें आठ वर्षांची झाली तेव्हां आईचें शिक्षण संपलें, आणि दोघी जवळच्याच बीव्हर गांवीं बिऱ्हाड करून राहिल्या. बीव्हरही लहानच. तेथें मुलांना वाचावयाचें म्हणजे दुकानांत मिळणाऱ्या चित्रांच्या स्वस्त चोपड्या. सिंथियानें त्याच वाचल्या. जी पुढें शंभर पुस्तकें लिहिणार होती, तिच्या हातीं बालपणीं मुलांचें एकही चांगलें पुस्तक पडूं नये, हा दोष त्या पोरीचा नव्हे. पुस्तकांची वांटणी कोठें होते आणि कोठें होत नाहीं, याचा तो हिशेब आहे.

आतां मी त्या चरित्रांतला सर्वांत महत्त्वाचा भाग सांगतों. सिंथिया शाळेंत असतां एकदां न्यू ऑर्लिन्स या मोठ्या शहराचा वाद्यवृंद त्यांच्या शाळेंत आला. पोषाख केलेले वादक, चकचकीत वाद्यें, पुढें उभा असलेला प्रमुख. असलें संगीत त्या मुलीनें जन्मांत ऐकलें नव्हतें. तें ऐकून तिला आनंद झाला, पण त्याबरोबर मनांत एक कांटाही रुतला. जगांत इतकें कांहीं आहे आणि आपण त्यांतल्या कोणीच नाहीं, असें तिला वाटलें. आपण आपण नसावें, दुसरें कोणीतरी असावें, अशी ओढ त्या दिवसापासून लागली.

बाईंनीं आपल्या आत्मकथेंत या ओढीला शापही म्हटलें आहे आणि देणगीही म्हटलें आहे. शाप असा कीं, राहिलेलें बालपण त्यांनीं आपण कोण हें विसरण्यांत घालविलें; स्वतःच्या मनांत काय आहे तें शोधावयाचें सोडून दुसऱ्यांचें बोलणें घोकलें. देणगी अशी कीं, त्याच ओढीमुळें पुढें पुस्तक लिहून पाहण्याचें धाडस झालें.

मंडळी, हा कांटा आपल्या घरांतल्या मुलांना रोज रुततो. कुणब्याचा मुलगा शाळेंत जातो आणि बापाच्या धोतराची लाज घेऊन परत येतो. सुताराची मुलगी बापाचा धंदा सांगतांना अडखळते. घरची बोली तोंडांतून निघाली कीं वर्ग हंसतो, म्हणून मूल बोलावयाचेंच सोडतें. शिक्षणानें मोठें जग दाखवावें, तें दाखविलेंच पाहिजे. पण मोठें जग दाखवितांना जें शिक्षण मुलाच्या मनांतून त्याचें घर पुसून टाकतें, तें एका हातानें देतें आणि दुसऱ्या हातानें काढून घेतें.

सिंथिया कॉलेजांत गेली. १९७५ सालीं तिनें चार्ल्स्टन येथील मॉरिस हार्वे कॉलेजची पदवी घेतली, आणि १९७६ सालीं हंटिंग्टन येथील मार्शल विद्यापीठाची वरची पदवी इंग्रजी वाङ्मयांत घेतली. मोठमोठे ग्रंथकार वाचले. पण त्या ग्रंथांत खाणकामगाराची आजी चुलीपुढें बसलेली कोठें सांपडणार? दोन पदव्या घेऊनही पोटाची सोय लागेना, तेव्हां तिनें खाणावळींत गिऱ्हाइकांना वाढण्याचें काम केलें. त्यांत कमीपणा नाहीं. अन्न वाढणारा हात हलका नसतो.

मग हंटिंग्टनच्या सार्वजनिक वाचनालयांत नोकरी मिळाली, आणि वांट्याला आला तो मुलांच्या पुस्तकांचा विभाग. वयाच्या विशीच्या मध्यावर, दोन पदव्या पदरीं असतां, ही बाई पहिल्यानें मुलांच्या वाचनालयांत शिरली. पुस्तकें फळीवर लावावयाचीं हें काम. पण लावतां लावतां ती वाचूं लागली. थोड्याच दिवसांत पुस्तकांचे गठ्ठे घरीं नेऊं लागली. मुलांच्या लहानशा पुस्तकांत खरें दुःख, खरा आनंद, खरें माणूस मावतें, हें तिच्या ध्यानांत आलें. आणि आपल्याला हेंच करावयाचें आहे हेंही तिला उमगलें.

दार उघडलें तें हें. ध्यानांत घ्या, दार कोण्या धनिकाच्या कृपेनें उघडलें नाहीं कीं कोण्या गुरूच्या उपदेशानें उघडलें नाहीं. लोकांच्या करांतून चाललेलें, कोणालाही मोकळें असलेलें वाचनालय, हेंच तें दार. आणि तें उघडलें तेंही नोकरीच्या योगानें, जवळजवळ अपघातानें. हाच अपघात पंधरा वर्षें आधीं, बीव्हर गांवींच घडला असता तर? आणि ज्यांच्या नशिबीं तो कधींच घडला नाहीं, अशीं त्या डोंगरांतलीं किती पोरें न लिहितां, न बोलतां खाणींत उतरलीं, याची मोजदाद कोण करणार? एक सिंथिया निघाली म्हणून टाळ्या पिटावयाच्या आणि बाकीच्यांना विसरावयाचें, हा लबाडीचा हिशेब झाला. जें एकीला नशिबानें मिळालें तें साऱ्यांना हक्कानें मिळालें पाहिजे.

बाईंनीं लिहावयास घेतलें तेव्हां विषय कोणता निघाला? परीचा नाहीं, राजकन्येचा नाहीं. निघालें तें कूल रिजचें घर. प्रकाशकाकडे धाडलेलें पहिलेंच हस्तलिखित स्वीकारलें गेलें, आणि १९८२ सालीं ‘व्हेन आय वॉज यंग इन द माउंटन्स’, म्हणजे ‘मी डोंगरांत लहान होतें तेव्हां’, हें पुस्तक निघालें. त्यांतला आजा संध्याकाळीं खाणींतून कोळशाच्या धुळीनें काळा होऊन घरीं येतो आणि नातीच्या डोक्याचा मुका घेतो. आजीनें केलेली मक्याची भाकर आहे, घेवड्याचे दाणे आहेत. तळलेली भेंडी जास्त खाल्ल्यानें रात्रीं पोटांत कळ येते आणि आजीला उठवून अंधारांत बाहेर जावें लागतें, तेंसुद्धां आहे. डबक्यांतलें पोहणें आहे, आजीनें कुदळीनें मारलेला साप आहे. वाक्यें अशीं साधीं कीं पहिली-दुसरींतल्या मुलाला कळावीं. चित्रें डायन गुड या चित्रकर्त्रीनें काढलीं, आणि त्या चित्रांसाठीं पुस्तकाला कॅल्डिकॉट पारितोषिकाच्या सन्मानांत जागा मिळाली.

पाहा, काय झालें तें. ज्या गोष्टींची लाज वाटून ती मुलगी दुसरी कोणी होऊं पाहत होती, त्याच गोष्टी पुस्तकांत बसल्या. बाहेरचा संडास बसला, काळें तोंड बसलें, भेंडी बसली. आणि देशांतल्या शहरी मुलांनीं तें पुस्तक मांडीवर घेऊन वाचलें. आणखी एक बारीक गोष्ट. बाईंच्या बापाचें आडनांव वेगळें होतें. रायलंट हें आईच्या माहेरचें, म्हणजे त्या खाणकामगाराचें आडनांव. तेंच त्यांनीं लेखिका म्हणून लावलें. ज्या माणसाचें नांव कंपनीच्या हजेरीपटापलीकडे कोठें लागलें नसतें, तें आज हजारों वाचनालयांच्या फळ्यांवर आहे.

पुढलीं सारीं पुस्तकें सांगत बसलों तर रात्र पुरणार नाहीं. दोनतीन सांगतों. ‘द रिलेटिव्हज केम’ हें १९८५ सालचें. नातेवाईक मोटारींत दाटीवाटीनें बसून डोंगर ओलांडून येतात, उराउरीं भेटतात, जेथें जागा मिळेल तेथें जमिनीवर निजतात, आणि राहत्या दिवसांत यजमानाच्या बागेंतलें, घरांतलें मोडकेंतोडकें काम करूं लागतात. एवढीच गोष्ट. आपल्या घरच्या जत्रेच्या चार दिवसांची आठवण व्हावी अशी. ‘हेन्री अँड मज’ ही एक मुलगा आणि त्याचा थोरला कुत्रा यांच्या गोष्टींची माळ आहे. पंचवीसांहून अधिक पुस्तकें त्या माळेंत आहेत, आणि नुकतें वाचावयास शिकलेल्या मुलांसाठीं तीं लिहिलेलीं आहेत. विद्वानांसाठीं लिहिणारे पुष्कळ. पण अक्षराला अक्षर जोडणाऱ्या पोरासाठीं बसून लिहिणें हें कष्टाचें काम आहे.

आणि १९९२ सालचें ‘मिसिंग मे’. यांत समर नांवाची पोरकी मुलगी आहे. नातेवाईकांच्या घरोघरीं ती फिरत राहिलेली. कोठेंच हवीशी नाहीं. मे मावशी आणि ऑब काका हीं म्हातारीं गरीब नवराबायको येतात आणि तिला आपल्या डोंगरांतल्या मोडक्या घरीं घेऊन जातात. ऑब हा हाताचा कारागीर. वाऱ्यावर फिरणारीं भिरभिरीं तो बनवितो. विकण्यासाठीं नव्हे, मनांत जें येतें तें हातानें घडविण्यासाठीं. मग मे मावशी मरते. म्हातारा खचतो. याच्या पाठीमागें आपण पुन्हा पोरकें होणार कीं काय, ही धास्ती त्या मुलीला खाते. गोष्टीचा शेवट मी सांगत नाहीं. इतकेंच सांगतों कीं दुःख आणि दारिद्र्य दोन्ही असून त्यांत कोठेंही रडगाणें नाहीं. या पुस्तकाला १९९३ सालचें न्यूबेरी पदक मिळालें. हें पदक देते अमेरिकेची ग्रंथपालांची संस्था. ज्या वाचनालयानें तिला घडविलें, त्या वाचनालयांच्या लोकांनींच तिच्या गळ्यांत माळ घातली.

आतां एक इशारा देणें माझें काम आहे. हें सारें ऐकून कोणी म्हणेल, पाहा, गरिबींतही किती गोडवा असतो; मग गरिबी हटविण्याची एवढी घाई कशाला? असें बोलणारे लोक बहुधा भरल्या पोटाचे असतात. मुलीला गोड वाटली ती गरिबी नव्हे. गोड वाटलीं तीं आजा-आजीचीं माणसें. आजाच्या तोंडावरची काजळी पाहून लेंकराला माया आठवली, हें लेंकराला शोभतें. मोठ्या माणसांना तीच काजळी त्याच्या फुप्फुसांतही दिसली पाहिजे.

कोळशाची धूळ वर्षानुवर्षें छातींत गेली कीं फुप्फुसें काळीं व निबर होतात, श्वास पुरेनासा होतो, आणि त्यावर औषध नाहीं. कंपनीचे डॉक्टर कित्येक वर्षें यास दमा म्हणत, नाहींतर मजुराच्या मनाचा खेळ म्हणत. २० नोव्हेंबर १९६८ रोजीं त्याच राज्यांत फार्मिंग्टन येथील खाण पेटून ७८ माणसें गेलीं. मग फेब्रुवारी १९६९ मध्यें सुमारें ४०,००० खाणकामगारांनीं काम बंद ठेवलें, तेव्हां राज्यानें या रोगाच्या भरपाईचा कायदा केला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत साऱ्या देशासाठीं खाणींतल्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या वेळीं सिंथिया बीव्हरच्या शाळेंत शिकत होती.

कायदा झाला म्हणून मालक सुधारले असेंही समजूं नका. ५ एप्रिल २०१० रोजीं, त्याच रॅले जिल्ह्यांत, अपर बिग ब्रँच नांवाच्या खाणींत स्फोट होऊन २९ माणसें मेलीं. सुरक्षिततेचे नियम मोडण्याचा कट केल्याबद्दल त्या कंपनीचा प्रमुख २०१५ सालीं दोषी ठरला आणि पुढल्या वर्षीं त्याला एक वर्षाची कैद झाली. एकोणतीस जीव आणि एक वर्ष! ज्याचें जळतें त्यालाच कळतें. म्हणून मी म्हणतों, बाईंचीं पुस्तकें मुलांना प्रेमानें वाचून दाखवा. पण स्वतः वाचतांना त्या आजाच्या छातीचा हिशेबही मनांत ठेवा. घरची माया आणि मालकाचा अन्याय या दोन गोष्टी एका पारड्यांत घालूं नका. माया होती म्हणून अन्याय क्षम्य होत नाहीं. अन्याय होता म्हणून मायेची लाज वाटावयाची नाहीं.

मग आपण यांतून घ्यावें काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, मुलाला घराची लाज वाटूं देऊं नका. आपण काय करतों, मोट कशी चाले, चाकावर मडकें कसें उभें राहतें, कातडें कसें कमावतात, घण कोणत्या तालानें पडतो, हें त्याला सांगा. ज्या हातांना हें येतें ते अडाणी हात नव्हेत. शाळेंतला धडा मुलानें शिकावाच. पण आजीची गोष्ट ऐकल्यावांचून निजूं नये. आजीला लिहितां येत नसेल, तर मुलानें ती आपल्या वहींत लिहून ठेवावी. आज ती चार ओळींची असेल. उद्यां तिचें पुस्तक होईल.

दुसरी, मुलींना या कामांत पुढें करा. सिंथियाच्या आईनें नवऱ्याच्या पाठीमागें रडत न बसतां शिक्षण घेतलें आणि स्वतःच्या कमाईवर बिऱ्हाड मांडलें. आजा-आजीनें लेंकीची मुलगी सांभाळली ती कुरकुर न करतां सांभाळली. या तीन माणसांच्या पाठबळावर ती लेखिका उभी आहे. लेंक माहेरीं परत आली म्हणजे तिला टोंचून बोलणारीं घरें आपल्यांत कमी नाहींत. त्या घरांनीं कूल रिजच्या खाणकामगाराकडे पाहावें.

तिसरी, आणि सर्वांत निकडीची, गांवांत वाचनालय पाहिजे आणि त्यांत मुलांसाठीं वेगळी फळी पाहिजे. कुलूप लावलेलें कपाट म्हणजे वाचनालय नव्हे. पुस्तक फाटेल म्हणून मुलाला हात लावूं न देणारा ग्रंथपाल म्हणजे पिकावर बसलेलें बुजगावणें. पांखरू उपाशी मरतें आणि दाणा तेथेंच किडतो. पुस्तक फाटूं द्या. फाटलेलें पुस्तक म्हणजे वाचलेलें पुस्तक. जत्रेच्या वर्गणींतला, लग्नाच्या मांडवांतला थोडा भाग या कामीं काढा. सरकारकडून जें हक्काचें आहे तें मागून घ्या, आणि मिळेपर्यंत गप्प बसूं नका. मात्र सरकारचें येईपर्यंत मुलाचें वय थांबत नाहीं, हेंही विसरूं नका.

सिंथिया रायलंट यांना मुलांचीं पुस्तकें भेटलीं तीं विशी उलटून गेल्यावर. आपल्या गांवांतल्या मुलांना तीं सातव्या वर्षीं भेटलीं पाहिजेत. हें काम तुमच्या-माझ्या आवांक्यांतलें आहे. येथून उठतांना प्रत्येकानें एवढेंच मनाशीं ठरवावें कीं, या महिन्याच्या आंत आपल्या घरांतलें एक मूल या वाचनालयाच्या वहींत नांव घालील, आणि त्याच्या हातांतलें पहिलें पुस्तक संध्याकाळीं घरांतल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानें वाचून दाखवील. वाचणारा अडखळला तरी चालेल. ऐकणारा मात्र उठून जातां कामा नये.